मालनबाईंनी केलेली टोळ्यांची वाटणी

१९९५ सालची दिवाळी उलटली होती. आष्टी तालुक्यातल्या त्या गावात ऊसतोडीला निघालेली माणसं पारापाशी जमलेली, दोन ट्रक उभे. टोळ्या नेणारा मुकादम सर्जेराव मात्र पाय मोडून नगरच्या दवाखान्यात पडलेला. वाटणी त्याच्या बायकोवर, मालनबाईंवर आली.

कारखाने दोन: एक भीमेकाठचा, एक कोल्हापूरकडचा. दोन्हींखाली चार-चार गावं, गावागणिक एक टोळी. मालनबाई एकेका जोडप्याला गाव देऊ लागल्या, पण एक बसवलं की दुसरं उठायचं. कावेरीचे दिवस भरत आलेले, तिला दवाखाना जवळ हवा. तिचा भाऊ बाळू तिच्यासोबतच जाणार. आणि बाळूचं गहिनीनाथशी बांधावरून हाडवैर. गेल्या हंगामात दोघांनी एकमेकांवर कोयते उगारले होते.

गहिनीनाथ भीमेकडच्या ट्रकमध्ये चढूनही बसला.

"त्यो उतरल्याबिगर आमी चढत न्हाई," बाळू ओरडला.

मालनबाईंनी गावं बाजूला ठेवली. आधी कारखानाच ठरवायचा. कोल्हापूरकडच्या एकाही गावाजवळ दवाखाना नव्हता. कावेरीपुरता तो अख्खा कारखाना बाद. भीमेकडच्या एकाच गावात बाळंतपणाची सोय. कावेरी आणि बाळू तिथं. गहिनीनाथला शेजारचं गाव दिलं तर? पण सगळ्या गावांच्या बैलगाड्या कारखान्याच्या एकाच वजनकाट्यावर येणार, तिथं दोघं रोज समोरासमोर. म्हणजे त्याच्यापुरती भीमेकडची चारही गावं बाद.

"गहिनीनाथ, उतर. तू कोल्हापूरकडं."

"कावून, काकी? माजी माय घरी एकलीच हाय. तितून कवा येऊ मी?"

खाली उडी मारताना त्याचा हात कोयत्यावर होता. बाळू पुढं सरला. मालनबाई दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"तुजी माय माज्या घरी ऱ्हाईल. मी सांबाळते."

गहिनीनाथनं कोयत्यावरचा हात काढला. मग बोचकं उचलून दुसऱ्या ट्रककडं गेला. बाकीची जोडपी भराभर बसली.

कावेरीला दवाखान्यात मुलगी झाली. माघात गहिनीनाथची आई छातीत कफ होऊन गेली. निरोप धाडला, पण तो पोचला तेव्हा चिता विझली होती.

तो मालनबाईंच्या ओट्यावर येऊन बसला.

"तिचा हात धरून होता म्हनं तुमी," तो म्हणाला.

"व्हय रे."

त्यानं मान हलवली, पाणी मागितलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत तोडीवर गेला.