आज नळ आला
अकोटच्या एसटीत शेजारच्या सीटवरचे धोतरवाले काका सहा महिने मुलाकडे कॅनडात राहून आले होते. मी कानात इअरफोन खुपसले, तरी ते बोलतच राहिले.

"तिकडे मी लय चिडचिड करो. मंग सूनबाईनं डायरी देली. रोज येक चांगली गोष्ट लिवा म्हने. मी रोज लिवलं, आज नळ आला!"

तिथे नळ रोजच येतो हे पटेपर्यंत काकांनी घरातली पातेली, बादल्या आणि सुनेच्या फुलदाण्याही भरून ठेवल्या होत्या.

"आपल्याकडे पानी आठ दिवसांनी येते. तिकडे पानी रोज, बोलनारा मानूस आठ दिवसांनी. तुमी कुठचे?"

"जठारपेठ," मी तुटकपणे म्हणालो.

काकांनी पिशवीतून तीच डायरी काढली आणि हलत्या एसटीत सावकाश लिहिलं, "आज जठारपेठचा मानूस बोलला."

मी गुपचूप इअरफोन काढले.