दाजींचं दार

इंजिन, रंग, मायलेज, टायर यांपैकी कशाकडेही ढुंकून न बघता, चक्क डोळे मिटून गाडी पसंत करणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच निघेल, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला पावणं म्हणतात. जन्मभर त्यांनी कागलच्या एमआयडीसीत टेम्पोनं माल वाहिला आणि टेम्पो विकल्यावर एके सकाळी माझ्या घरी येऊन जाहीर केलं, "पावणं, गाडी घ्यायची. जर्मन. बसकी. पळणारी." बजेट विचारलं, तर त्यांनी सांगितलेल्या आकड्यात तसल्या नव्या गाडीची चाकं तेवढी आली असती. "म्हणून तर जुनी बघायची की!" असं म्हणून त्यांनी माझे पुढचे सगळे रविवार ताब्यात घेतले.

ह्या हट्टाच्या मुळाशी आहेत कुरुंदवाडच्या आमच्या सासूबाई. त्यांना सगळे आव्वा म्हणतात. दाजी मुलगी बघायला गेले तेच टेम्पो घेऊन. त्या टेम्पोचं दार साधं लागतच नसे, खांदा लावून दाणकन आपटावं लागे. त्या दणक्यानं गल्लीतल्या कोंबड्या उडाल्या आणि आव्वा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोरगं बरं हाय, दार तेवढं वाईट हाय." लग्न झालं, पुढं टेम्पोही बदलले, पण दारांनी काही वळण बदललं नाही. दर खेपेला दार आदळलं की आतून आव्वांचा आवाज यायचा, "आलं बघा दार!" दाजी हसायचे, पण ते त्यांना लागायचं. आता आव्वांची नजर गेली आहे. गाडीचा रंग त्यांना दिसणार नाही, ऐट दिसणार नाही. राहिला तो कान. "आव्वांनी इचारलं पायजे," दाजी म्हणायचे, "जावईबापू, दार लावलंसा का न्हाय? मग मी म्हणणार, कवाच लावलंय!" एवढ्या एका वाक्यासाठी हा माणूस टेम्पोचे सगळे पैसे घालायला निघाला होता.

त्यामुळे आमचं गाडी बघणं म्हणजे गाडी ऐकणं. वारणानगरला एका गृहस्थांची लाल गाडी होती, आरशासारखी पुसलेली. दाजींनी आधी शेजारच्या चहावाल्याला भरभरणारा स्टोव्ह बंद करायला लावला. मग डोळे मिटले, कानामागं हात धरला आणि दार लावलं. "डबा हाय," निकाल लागला. मालक लालबुंद झाले. "अहो, इंजिन तरी ऐका!" तर हे शांतपणे म्हणतात, "इंजिन आव्वांना काय करायचंय?" आव्वा कोण, असं मालकांनी विचारलं. "सासू," दाजी म्हणाले. मालकांनी किल्ली खिशात घातली आणि आम्हाला चहा पाजायचं टाळलं. हायवेवरच्या एका एजंटाकडं तर तीन दारं गोड लागली आणि चौथं किंचित खुळखुळलं. "ही कुठंतरी आपटलीय," दाजी म्हणाले. एजंटानं सगळ्या देवांच्या शपथा घेतल्या आणि शेवटी कबूलही केलं. आमच्या ओळखीच्या मेस्त्रींनी परोपरीनं सांगितलं, "दाजी, जुनी जर्मन गाडी लई महागात पडती. एक हेडलाइट गेला तर म्हस इकावी लागंल." दाजींचं उत्तर तयार होतं, "मग अंधारात जायचंच कशाला?"

अखेर गाडी मिळाली. गडद निळी, वयानं थोराड, पण दार असं लागायचं की मळलेल्या पिठावर मूठ पडावी. धप. एवढंच. दाजींनी ते इतक्या वेळा लावलं की विकणाराच घाबरला. आणल्यापासून आम्हा कुणाला दाराला हात लावायची परवानगी नव्हती. आम्ही उतरायचं आणि यांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घालत एकेक दार लावायचं. गाडी मात्र चाळीसच्या वर कधी नेली नाही. उसाची ट्रॉली आम्हाला मागं टाकून गेली तरी म्हणायचे, "ताकद आसावी पावणं, दाखवू नये." मला हा माणूस फार आवडतो, तो अशा वेळी.

पहिल्याच रविवारी आम्ही सगळे कुरुंदवाडला गेलो. दाजींनी घरासमोर गाडी उभी केली, श्वास रोखला आणि दारं लावली. धप, धप. आतून काहीच आवाज आला नाही. दाजींनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मैदान मारलं. आत आव्वा कॉटवर बसल्या होत्या, तोंड रस्त्याकडं. आक्कांनी, म्हणजे दाजींच्या बायकोनं, हात धरला तशा दचकल्या. "कोण?"

"आम्ही हाय आव्वा," दाजी म्हणाले. "दार वाजलं काय?"

"न्हाय की!" आव्वा म्हणाल्या. दाजींचा चेहरा फुलला. तोवर त्या पुढं बोलल्या, "सकाळधरनं कान लावून बसलोय. तुमचं दार वाजलं की मला कळतंय, थोरली आली. आज वाजलंच न्हाय. म्हटलं, न्हाय येत आता कोण."

दाजी वळले, बाहेर गेले, गाडीचं दार सताड उघडलं आणि खांदा लावून असं आपटलं की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

"आलं बघा दार!" आव्वा खळखळून हसल्या. "आगं, च्या टाका!"

आक्का पदरानं डोळे पुसत होत्या.

तेव्हापासून कोल्हापुरात ते दार फुलासारखं लागतं आणि कुरुंदवाडात दाणकन आदळतं. आता ते थोडं खुळखुळायलाही लागलंय. मेस्त्री म्हणाले, नीट करून देतो. "ऱ्हाऊ दे की," दाजी म्हणाले. गेल्या काही दिवसांत आव्वांना ऐकूही कमी येऊ लागलंय. दाजी आता दार दोनदा आपटतात.