काकूंची झडती

कॅनडात, मिसिसागाच्या आमच्या मराठी मंडळात माझ्या कॉलेजची बातमी फुटली तेव्हा एकीने विचारलं, "अगं, नवरा आयटीत आणि तू जेलर होणार?" दुसरी म्हणाली, "एक सेमिस्टर टिकली तरी मिळवलं!" त्याच दिवशी ठरवलं, आता पास होऊन दाखवायचंच.

कोर्स कम्युनिटी कॉलेजातला, तुरुंग अधिकाऱ्याचा. वर्गात बाकी सगळे विशीतले दांडगोबा, शेहेचाळिशीची मी एकटीच. सर सांगायचे, कैद्याशी सलगी करायची नाही. झडती घेताना आधी हात, मग खांदे, कंबर, शेवटी पाय. मी ते दोन रंगांच्या पेनांनी वहीत उतरवून घेतलं.

प्रॅक्टिकलला कैदी म्हणून निवृत्त लोकांना बोलावत. तेही हौसेने येत! माझ्या वाट्याचा कैदी बघते तर काय, आमच्या मंडळातल्या डॉक्टर काकू! पंचाहत्तरीच्या, आणि अंगात केशरी जंपसूट. त्यांनी लपवलेली किल्ली शोधायची होती. पण "हात पुढे करा" असं काकूंना दरडावायला माझी जीभच रेटेना. हात तपासायचे सोडूनच दिले, खांदे-कंबर उरकली आणि पाय तपासायला वाकले.

झालं! बोटं पायांना लागली आणि सवयीने थेट कपाळाला गेली. "सुखी राहा गं बाळ," म्हणत काकूंनी आशीर्वादाला मूठ उघडली आणि किल्ली टणकन फरशीवर पडली.

अख्खा वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. किल्ली मिळाली, पण ही पद्धत पुस्तकात नाही, म्हणून नापास. पुढच्या आठवड्यात पुन्हा परीक्षा. माझा असा संताप झाला! बाहेर काकू म्हणाल्या, "माझी नातवंडं लांबूनच 'हाय' करतात. किती वर्षांनी कुणी वाकलं गं, मूठ बंद कशी राहणार?" मी हो हो केलं, पण लक्ष कुठे होतं माझं!

पुढच्या आठवड्यात पुन्हा काकूच. या वेळी चांगलं दरडावलं. हात, खांदे, कंबर. वाकले, मोज्यात किल्ली लागली, काढली आणि सरांच्या हातावर ठेवली. "परफेक्ट!" सर म्हणाले. आता मंडळातल्या बायकांना काय काय ऐकवायचं, ते मी मनात जुळवायलाही लागले.

मग वळून बघितलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंचा उजवा हात अर्धवट वर आलेला होता, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत त्या तो खाली घेत होत्या.