न्याहारीची हलकी वाइन

हॉटेलात त्याला सगळे नाकसाहेब म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे नुसतंच नाक. बारचा तो प्रमुख. ग्लास नाकाशी नेऊन डोळे अर्धवट मिटायचा आणि सांगायचा, यात पिकलेला पेअर आहे, यात ओला दगड आहे. आता ओला दगड कुणी चाटून पाहिलाय? पण लोक माना डोलवायचे. घरी हेच नाक बायकोच्या हातच्या प्रत्येक घासावर मुरडायचं. "हिच्यापेक्षा माझ्या बुटाच्या जिभेला जास्त चव कळते," असं तो पाहुण्यांसमोर म्हणायचा, आणि पाहुणे हसले की पुन्हा म्हणायचा.

हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप गेला तो नाक घेऊनच गेला. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी, साबण म्हणजे नुसता फेस. त्याने कुठे वाच्यता केली नाही. बारवाल्याचं नाक गेलं की नोकरी गेली, आणि या वयात त्याला दुसरीकडे ग्लास विसळायलाही कुणी ठेवलं नसतं. बायकोला मात्र कळलंच. दूध करपल्याचा वास जिन्यापर्यंत गेला, तरी हा शेगडीशेजारी पेपर वाचत बसलेला.

उन्हाळा लागला तशी हॉटेलच्या मालकीणबाईंनी टूम काढली: रविवारी गच्चीवर न्याहारी, आणि न्याहारीबरोबर दारू.

"काय कशाबरोबर द्यायचं ते तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "सकाळची वेळ, त्यात हे ऊन. हलकी असू द्या. पहिल्या दिवशी माझ्या माहेरची माणसं आहेत, नाक कापू नका म्हणजे झालं."

अंड्यांबरोबर बिअर ठरली. गारढोण असली की तिचा वास कोण घेतो? टोस्टबरोबर संत्र्याच्या रसात जिन. रस सगळं पोटात घालतो. अडलं ते फळांबरोबरच्या पांढऱ्या वाइनपाशी. शेवटी तळघरातल्या चार वाइन छोट्या बाटल्यांत भरून त्याने घरी आणल्या आणि सकाळी बायकोपुढे मांडल्या.

"यातली हलकी कोणती, सांग."

"मला काय कळतंय? तुमचा बूट आणू का?"

"थट्टा पुरे. हलकी कोणती, एवढंच सांग. जास्त अक्कल चालवू नकोस."

हलकी म्हणजे पोटाला हलकी की प्रतीने हलकी, हे तिला विचारायचं होतं म्हणे. पण अक्कल चालवायची नव्हती ना. तिने चारही चाखल्या. एकीचं बूचच कुजलेलं असावं. ओल्या पायपुसण्यासारखा भपकारा येत होता. तिने तीच पुढे सरकवली.

"याहून हलकी शोधून सापडायची नाही," ती सरळ चेहऱ्याने म्हणाली. उरलेल्या तिन्ही तिने टोस्टबरोबर सावकाश संपवल्या.

रविवारी मालकीणबाईंच्या आत्याने पहिलाच घोट घेतला आणि ग्लास टरबुजाच्या फोडींपलीकडे ढकलला. "काय गं, फरशी पुसून पिळलेलं पाणी का हे?"

मालकीणबाईंनी हुंगलं. नाकसाहेब बर्फ आणायला आत गेला होता. बाईंनी फुलदाणीतली फुलं उपसून टेबलावर ठेवली आणि तळाचं शिळं पाणी एका स्वच्छ ग्लासात ओतलं.

"साहेब, ही नवी आलीय," तो परतल्यावर त्या गोड आवाजात म्हणाल्या. "चाखा बरं."

त्याने ग्लास फिरवला, उजेडात धरला, डोळे अर्धवट मिटले, घोट तोंडात घोळवला.

"भारदस्त आहे. मागून पांढऱ्या फुलांचा वास येतो."

आत्याबाईंनी तोंडात रुमाल कोंबला. मग जो हशा पिकला, त्यात वेटरसुद्धा ट्रे ठेवून मटकन खाली बसले. त्याने इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर फुलं निथळत पडली होती.

ग्लास तिथे खाली ठेवला असता, तर नोकरी तिथेच संपली असती. तो उरलेलं गटागटा प्यायला आणि म्हणाला, "आणखी थोडी मिळेल का?"

"याला काढू नकोस हं," आत्याबाई डोळे पुसत भाचीला म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याने जन्मात मला इतकं हसवलं नाही."

नोकरी टिकली. आता रविवारी गच्चीवर जागा मिळत नाही. न्याहारीला काय प्यायचं ते पाहुणे आपलं आपण ठरवतात, आणि त्याला काय पाजायचं तेही. तो ग्लास फिरवतो, डोळे मिटतो, वर्णन करतो.

दुपारी घरी आला की बायको विचारते, "आज काय होतं?"

"सांगत नाहीत."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"सफरचंदाची साल म्हणालो."

ती जवळ येते, त्याचं तोंड हुंगते आणि पोट धरधरून हसते. काय होतं, ते तीही सांगत नाही.