सोमवारचा वाटा
सोमवारी काळ्या वाटाण्यांच्या सांबाऱ्याचा वास सुटला की मला तो माणूस आठवतो. डिटेक्टिव्हगिरी सोडून मी मालवणजवळच्या गावी येऊन राहिलो होतो. माझ्या तपासामुळे स्वतःच्या शेजाऱ्याच्या खुनात शिक्षा झालेला तो, सुटल्यावर थेट माझ्या दारात उभा राहिला. शिव्या घालील असं वाटलं, पण तो म्हणाला, "तुमी माका शोधून काढलास, आता खरो कोण तो शोधा." जेवायची वेळ होती म्हणून बायकोने त्याचंही पान घेतलं. खुनाच्या वेळी आपण किनाऱ्यावर रापणीच्या मोठ्या जाळ्याची दोरी सगळ्यांबरोबर ओढत होतो, असं तो तेव्हा जीव तोडून सांगत होता. पण दोरीला हात लावणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतोच, आणि याने तो नेल्याचं कुणालाच आठवेना. तेवढ्यावर मी त्याला खोटा ठरवलं होतं. "वाटो कित्याक घेवक नाय?" मी पहिल्यांदाच विचारलं. भात कालवत तो म्हणाला, "सोमवार होतो मा. सोमवारी मासे कोण खाता?" माझ्याही पानात मासा नव्हता. आता सत्तरी उलटली तरी मी त्या खऱ्या खुन्याच्या मागावर आहे. अधूनमधून त्या दिवशी माझ्याकडे जेवून गेलेल्या त्या माणसाचा फोन येतो, मी "अजून नाय" म्हणतो, आणि सापडेल म्हणून तोच मला धीर देतो, "गावतलो."