व्याह्यांनी दिलेला खटका

माझ्या जर्मन व्याह्यांनी मला फसवलं. मी जर्मनीत, लुडविग्सहाफेनमध्ये शून्यातून किराणा दुकान उभं केलेला माणूस. भल्याभल्या घाऊक व्यापाऱ्यांना भाव करताना घाम फोडलेला. मला फसवणारा आजवर भेटला नव्हता, आणि भेटला तो असा, की साधी थाप मारतानाही ज्याचे कान लाल होतात.

या गृहस्थांचा देवावर विश्वास आहे की नाही ठाऊक नाही, पण कंपनीच्या गॅरंटीवर आहे. छत्रीपासून टोस्टरपर्यंत कशाचीही पावती ते टाकत नाहीत. लग्नात मी लेक-जावयाला हौसेने मिक्सर दिला, तर आभार मानायच्या आधी यांनी विचारलं, "गारांटी किती वर्षं?" आमच्याकडे जेवायला आले की डिशवॉशरकडे आजारी नातेवाइकाकडे बघावं तसं बघतात आणि हळूच सांगतात, "अहो, मार्चमध्ये संपते हं." माझी बायको मला अहो म्हणते, म्हणून तेही म्हणतात.

त्यांना नाद एकच, ठासणीच्या बंदुकीचा. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी गजाने ठासायची, मग एकच बार. त्यांच्या नेमबाजी क्लबात तो धुराचा लोट पाहिला आणि मीही खटपट करून बंदुकीच्या दारूचा परवाना काढला. बंदूक मात्र जुनीच घ्यायची ठरवली. क्लबातले एक आजोबा विकत होते, अगदी व्याह्यांच्याच मॉडेलची. व्याही म्हणाले, "नवी घ्या. गारांटी पहिल्या मालकालाच असते." "लोखंडाला कसली गॅरंटी?" म्हणत मी भाव पाडायला बसलो. ते लाजून छताकडे बघत राहिले.

महिन्याभरात खटका मोडला. कंपनी म्हणाली, हे मॉडेल बंद झालं. उरलेले सुटे भाग फक्त गॅरंटीवाल्यांसाठी. मी फोनवर घसा कोरडा होईपर्यंत भांडलो. शेवटी व्याह्यांनी बंदूक नेली आणि पुढच्या आठवड्यात ठणठणीत करून आणली. "कुलान्झ," एवढंच म्हणाले. म्हणजे नियमात नसताना कंपनीने दाखवलेला मोठेपणा. मी क्लबभर मिरवलो, बघा, भांडलं की मिळतं!

तेव्हापासून व्याही नेम धरेनात. खांदा दुखतो म्हणायचे. एकदा त्यांच्या तळघरात बिअर आणायला उतरलो, तर भिंतीवर त्यांची बंदूक, आणि खटक्याच्या जागी नुसतं भोक. तसाच वर आलो.

"हे काय आहे?"

कान लाल. "आल्झो... म्हणजे... अहो, तुमचा चेहरा बघवत नव्हता."

"मग माझा मोडका खटका तुमचा म्हणून पाठवा की! तुमची गॅरंटी आहे ना अजून?"

"पण तो माझ्या बंदुकीचा नाही," ते दचकून म्हणाले. "ते खोटं होईल."

कंपनीशी खोटं चालत नाही, माझ्याशी चालतं! परत घ्या म्हटलं, तर घेत नाहीत. आणि मी मुलीचा बाप. आमच्यात व्याह्यांचा मान करायचा असतो. त्यांच्या बंदुकीचं काळीज काढून आपल्या बंदुकीत बसवायचं नसतं.

हल्ली रविवारी मी नेम धरतो. ते मागे उभे राहून "श्वास सोडा" म्हणतात आणि बार झाला की डोळे मिटून धुराचा वास घेतात. बंदूक पुढे केली, तर हात मागे. "तुमची आहे," म्हणतात. सत्तरी उलटली आहे, नेम अजून माझ्यापेक्षा चांगला असणार, आणि हा माणूस धुरावर समाधान मानतो. स्वतःची बंदूक मुकी करून माझी बोलती करायला यांना सांगितलं कोणी? मला जाब पाहिजे, आणि तो त्यांनीच द्यायचा, माझ्या डोळ्यांत बघून.