वाचल्याशिवाय सही नाही

डॉक्टरांनी एचआरसीटीची फिल्म उजेडासमोर धरली, तेव्हा आईने पर्समधून चष्मा काढला. एचआरसीटी म्हणजे छातीचा बारकाईने काढलेला स्कॅन.

"वकीलबाई, याला आयएलडी म्हणतात. फुफ्फुसं स्पंजासारखी असतात. तुमची कडक होत चालली आहेत. झालेलं नुकसान भरून येत नाही. औषधांनी वेग कमी करता येईल, तेवढंच."

"रिपोर्टमध्ये हे कुठे लिहिलंय?" आईने विचारलं. ते वाक्य सापडेपर्यंत ती खुर्चीतून उठली नाही. बाहेर लोक नंबरसाठी ताटकळत होते. मला तिचा रागच आला.

खोकला तसा सहा महिने होता. आमच्या लालबागच्या चाळीचे तीन जिने चढताना ती प्रत्येक मजल्यावर कुणाच्या तरी दारात गप्पा मारत उभी राहायची. आम्ही म्हणायचो, हिला बोलायला फार लागतं. ती दम खात होती, हे आम्हाला कोर्टात भर युक्तिवादात ती मटकन खाली बसली तेव्हा कळलं.

तुमच्या घरात कुणी असं जिन्यात गप्पा मारायला लागलं, तर आधी छाती तपासून घ्या.

पुढची दोन वर्षं चाचण्यांत गेली. पीएफटी, म्हणजे नळीत जोरात फुंकायचं. सहा मिनिटं चालायची चाचणी, तिच्यात आई चौथ्या मिनिटाला थांबायची. मग घरी ऑक्सिजनचं मशीन आलं आणि त्याची घरघर आमच्या दोन खोल्यांत भरून राहिली.

तरी शनिवार तिने सोडला नाही. दर शनिवारी दुपारी ती चाळीच्या गणपती मंडळाच्या खोलीत, मखराच्या सामानाशेजारी टेबल टाकून बसायची. लोक कागद घेऊन यायचे. घरमालकाची नोटीस, पुनर्विकासाचा करार, कुणाच्या लेकीला सासरहून आलेलं पत्र. फी काही नाही. उलट चहा आमच्याच घरून जायचा. लहानपणापासून तो मीच नेला, कुरकुरत. तिचा नियम एकच होता, "वाचल्याशिवाय सही नाही." ज्यांना वाचता येत नसे त्यांना ती अख्खा कागद वाचून दाखवायची, कंटाळा येईपर्यंत.

एका शनिवारी तिने स्वतःचाच कागद लिहिला. शेवटच्या वेळी मला व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्रावर ठेवू नये. चाळीतल्या दोघांच्या साक्षीच्या सह्या घेतल्या, कागद निळ्या फाइलीत लावला आणि फाइल माझ्या हातात दिली. "वेळ आली की ही पुढे करायची. बाकी काही बोलायला लागणार नाही."

खरं सांगते, तोवर मी पार थकले होते. नोकरी, तिची औषधं, रांगा. कधी वाटायचं, संपू दे हे सगळं. मग लाज वाटायची. सांभाळणाऱ्या प्रत्येकाला असं वाटतं, त्याचं फार मनावर घेऊ नका.

वेळ आली ती सकाळी अकराला. आईचा ऑक्सिजन सत्तरवर आला, ओठ निळे पडले. हॉस्पिटलच्या काउंटरवर माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा आला. "इथे, इथे आणि मागे इथे." मी केल्या सह्या. निळी फाइल माझ्या काखेत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुपारी आईच्या घशात नळी होती. मी फाइल पुढे केली. डॉक्टर म्हणाले, "अहो, पण संमती तुम्हीच दिलीत ना? हे आधी दाखवायचं."

दुसऱ्या दिवशी गुंगी कमी केल्यावर तिने डोळे उघडले. बोलता येत नव्हतं. बोटांनी पेन मागितलं. सिस्टरने पॅड धरलं. वेडंवाकडं अक्षर आलं, 'वाचलंस?'

मी मान हलवली. नाही.

ती रागावेल असं वाटलं होतं. तिने पुन्हा पेन धरलं. 'आता वाच.'

मी निळ्या फाइलीतला तिचा कागद वाचला. डॉक्टरांसमोर, मग नळी काढायची परवानगी देणाऱ्या त्यांच्या बैठकीत, मग आणखी एका बैठकीत. आईला विचारलं गेलं, तिने प्रत्येक वेळी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी नळी काढून साधा मास्क लावला. चौथ्या दिवशी सकाळी, माझा हात हातात असताना ती गेली. ते तीन दिवस मी तिच्यावर लादले, हे मला कायम सलत राहणार. ज्या डॉक्टरांनी दोनदा थांबून माझं ऐकलं, त्यांचे आभारही तितकेच.

म्हणून सांगते, असा कागद केला असेल तर तो आधीच डॉक्टरांच्या हातात द्या. फाइलीत ठेवून उपयोग नाही.

आता शनिवारी त्या टेबलाशी मी बसते. मी वकील नाही, पण वाचता येतं. गेल्या शनिवारी तळमजल्यावरच्या सावंतकाकी आल्या. आईच्या कागदावरच्या दोन साक्षीदारांपैकी त्या एक. काकांचं ऑपरेशन ठरलंय, त्याचे कागद होते.

"खय सही करू ता सांग गो."

"आधी वाचूया, काकी."

मी वाचत गेले. तिसऱ्या पानावर, गरज पडल्यास व्हेंटिलेटर, असं आलं आणि मी मध्येच थांबले. काकींनी माझ्याकडे पाहिलं. माझा चहा त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"वाच गो," त्या म्हणाल्या. "तुझी आवस वाची तसा वाच."

मी ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं.